‘ओव्हर’चा कोपरा

रिटाचा फोन आला तेव्हा आठवीच्या वर्गात माझा मराठीचा तास चालू होता. शाळेत मोबाइल बंद ठेवायचा हा नियम मी काही दिवसांपासून मोडत होते आणि मुख्याध्यापक काणाडोळा करत होते, कारण फोन कशाचा येणार हे अख्ख्या स्टाफरूमला ठाऊक होतं. “बाई, काका सुटले,” एवढंच ती म्हणाली. रिटा नर्स आहे. अशा बातम्या परक्यांना कशा द्यायच्या हे तिला शिकवलेलं असणार, पण सख्ख्या काकाची बातमी देताना तिला तेवढंच सुचलं. मी खडू ठेवला आणि मुलांकडे पाठ करून फळ्याकडे बघत उभी राहिले. त्या फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या ऑइलपेंटने आखलेली एक चौकट आहे आणि चौकटीच्या माथ्यावर, त्याच रंगात, इंग्रजीतला एकच शब्द रंगवलेला आहे... ओव्हर. डस्टर कितीही घासा, तो जात नाही. ज्यांनी तो रंगवून घेतला ते आमचे पास्कू सर फेब्रुवारी संपता संपता गेले, आणि मला पहिला राग आला तो त्या न पुसल्या जाणाऱ्या रंगाचा.

मी मूळची राजापूरकडची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन नालासोपाऱ्याच्या एका नव्या इमारतीत आले आणि वर्षभरात नंदाखालजवळच्या, चर्चच्या आवारातल्या मराठी शाळेत नोकरीला लागले. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत मला ठसका लागला तेव्हा समोर बसलेल्या उंच, काळ्यासावळ्या माणसाने आपली काचेची बाटली पुढे केली. “घ्या. आमच्या बावीचं आहे. असं पाणी तुमच्या राजापुरात मिळत नसेल.” बाव म्हणजे विहीर, हे मला तेव्हा कळलं. माझ्या गावाला नावं ठेवल्याबद्दल मी मनातल्या मनात फणकारले, पण पाणी खरोखरच वेगळं होतं. आधी गोड, आणि घोट संपता संपता जिभेवर किंचित लोखंडाची चव. सर इंग्रजी शिकवत. शाळेजवळच घर बांधून राहिले होते, पण जीव सगळा भुईगावच्या वाडीत. दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की स्कूटर काढून तिकडे जात आणि सोमवारी स्टाफरूमच्या टेबलावर केळी, अळूची पानं, कधी सोनचाफ्याची फुलं आणि ती बाटली येई. आम्ही त्या बाटलीवर तुटून पडत असू आणि सरांना त्याचाच अभिमान. आपण शिकवलेला एखादा मुलगा पुढे गेल्याचा जितका असतो, तितकाच.

सरांचं एक ठाम मत होतं. मराठी शाळेतल्या मुलांना इंग्रजी येत नाही, हे खोटं आहे. “येतं हो. ते इंग्रजी आहे, एवढंच त्यांना कोणी सांगितलेलं नाही.” म्हणून दरवर्षी दिवाळीची सुट्टी संपली की आठवीत ‘ओव्हर’चा आठवडा सुरू व्हायचा. नियम सरांनी घालून दिलेले. शब्द पुस्तकातून किंवा डिक्शनरीतून उचलायचा नाही. कोणाच्या तरी तोंडून ऐकलेला हवा, आणि कोणाच्या तोंडून, ते उभं राहून सांगायचं. शिवाय त्या शब्दात काहीतरी मापाबाहेर गेलेलं असायला हवं. नुसतं ‘वरचं’ असून चालणार नाही. त्यामुळे ओव्हरब्रिज आणि ओव्हरकोट दारातूनच परत जात. क्रिकेटवेडी मुलं ‘ओव्हर संपली’ घेऊन येत, तेव्हा सर म्हणत, “सहा झाल्यावरही टाकतच राहिला, तर घेईन.” कळशी भरली तरी नळ बंद न करणं म्हणजे ओव्हर, ही त्यांची व्याख्या. सर चौकटीत शब्द इंग्रजीत लिहीत आणि त्याच्यासमोर मराठीत तो बोलणारं माणूस. ओव्हरटाइम, बाबा. ओव्हरटेक, ड्रायव्हरकाका. ओव्हरफ्लो, बिल्डिंगचा वॉचमन. ओव्हरॲक्टिंग, ताई... आणि त्यावर ती ताई नक्की कोणाला म्हणाली, यावरून दंगा. कामणकडे गोदामात ज्याचे वडील हमाल होते त्याने ओव्हरलोड आणला, आणि ट्रकची मागची चाकं कशी बसतात ते वर्गात बसूनच करून दाखवलं. एका मुलीने ओव्हरएज आणला. कोण म्हणालं, तर ऑफिसातले साहेब, तिच्या भावाला. सगळे हसायला लागले होते, पण सरांनी तो शब्द इतका सावकाश आणि नीट लिहिला की हसणं आपोआप थांबलं. आठवडाभर तो कोपरा कोणी पुसायचा नाही. बाकीच्या फळ्यावर आम्ही आपापलं शिकवायचं, चौकटीला हात लावायचा नाही. गणिताचे सर कुरकुरत. मीसुद्धा एकदा म्हणाले, “एका शब्दासाठी अख्खा आठवडा?” तर म्हणाले, “सावंतबाई, बाकीचं इंग्रजी त्यांना कोणीही शिकवेल. कुठे थांबायचं ते इथे शिकू दे.” मला तेव्हा ते जरा भाषणबाज वाटलं होतं. अजूनही वाटतं. पण तो माणूस जे बोलायचा तसंच वागायचा, त्यामुळे त्याला हसता यायचं नाही.

त्या वर्षांत आमच्याकडे इमारती उठत होत्या आणि पाण्याचा पत्ता नव्हता. माझ्या इमारतीतही नळाला हवा येई आणि आठवड्यातून काही वेळा टँकर येई. टँकर आला की बायका जिन्यातून ओरडत आणि मीही बादल्या घेऊन धावे. हे पाणी कुठून येतं हा प्रश्न आम्हाला पडत नसे. पाणी आलं यातच देव पावला. टँकर भरत ते भुईगाव, निर्मळ, आगाशी या पट्ट्यातल्या वाड्यांमधल्या विहिरींवर. सर मला चिडवत, “काय सावंतबाई, आज आंघोळ झाली का? माझी केळी सुकली, तेव्हाच ओळखलं मी.” मी ओशाळून हसायची. चिडवण्यामागे काळजी होती. सरांची आणि त्यांच्या थोरल्या भावाची, इनासभाऊंची, वाडी वडिलांनी हयातीतच वाटून दिली होती. घरं वेगळी झाली, चुली वेगळ्या झाल्या, पण बाव सामाईक राहिली. दिवसा आळीपाळीने दोघांनी पाणी घ्यायचं आणि अंधार पडला की मोटर बंद. रात्री बावीला झोपू द्यायचं, हा वडिलांचा शब्द. रात्रभर शांत राहिली तरच तिच्यात गोडं पाणी झिरपून भरतं. उपसतच राहिलं तर समुद्र काही लांब नाही, त्याचं पाणी आत यायला बसलेलंच आहे. सर टँकरविरुद्धच्या सभांना जायचे, मोर्चात चालायचे. भाऊ टँकरला पाणी देतो हे त्यांना ठाऊक होतं. “त्याच्या पाळीचं पाणी आहे, तो विको नाहीतर वाटो,” असं म्हणायचे. पण एका वर्षी पाऊस बरा होऊनही बावीचं पाणी खाली चाललं होतं आणि ते का, हे त्यांना उमगत नव्हतं.

त्या वर्षी रिटा आठवीत होती. इनासभाऊंची ही एकुलती एक मुलगी, काकाची लाडकी, आणि काकाच्या विषयात पहिली येण्यासाठी जिवाचं रान करणारी. ‘ओव्हर’च्या आठवड्यात तिला शब्द मिळेना. रोज हात वर करायची आणि कोणीतरी आधीच आणलेला शब्द सांगून हिरमुसली होऊन खाली बसायची. शेवटच्या दिवशी ती उभी राहिली आणि म्हणाली, “ओव्हरटाइम.”

“झालाय तो! माझ्या बाबांचा आहे,” कोणीतरी मागून ओरडलं.

“हा वेगळा आहे. मोटरीचा ओव्हरटाइम.”

“कोण म्हणालं?” सरांनी सवयीने विचारलं. हात खडू घेऊन फळ्याकडे निघालेलाही होता.

“पप्पा. टँकरवाल्याला सांगत होते. रात्री या, रात्री मोटरीला ओव्हरटाइम लावलाय.”

वर्गात हशा पिकला. भुईगावची बरीच मुलं त्या वर्गात होती. रात्रीची मोटर म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नव्हतं, आणि मोर्चात पुढे चालणाऱ्या सरांच्या सख्ख्या भावाचीच मोटर, म्हटल्यावर तर काय! रिटाला आपण काय बोललो ते त्या हसण्यातून कळलं. तिने बाकावर डोकं ठेवलं आणि शाळा सुटेपर्यंत ते वर केलं नाही. सर मला नंतर म्हणाले, “बाई, क्षणभर वाटलं, हा लिहू नये. मग वाटलं, आजवर सगळ्यांच्या घरातले लिहिले. माझ्या घरातला आला तेव्हाच नेमका खडू का थांबावा?” त्यांनी लिहिला. पुढचा तास माझा होता. मी वर्गात शिरले तेव्हा मुलं अजून खुसखुसत होती, रिटाच्या वेण्या बाकावर पसरलेल्या होत्या, आणि चौकटीत अगदी तळाला शब्द होता, ओव्हरटाइम. त्याच्यासमोर, जिथे बाकी सगळ्यांच्या ओळीत बाबा, दादा, ताई, वॉचमन असं कोणी ना कोणी होतं, तिथे सरांच्या गोल अक्षरात लिहिलेलं होतं: ‘आमच्या घरी’. मी नेहमीप्रमाणे कोपरा सोडून बाकीचा फळा पुसला आणि कविता शिकवायला घेतली. कुठली कविता, ते आता आठवत नाही. ते दोन शब्द मात्र लख्ख आठवतात.

पुढे जे झालं ते मुलांनी केलं, आणि मुलांइतकं निर्दय कोणी नसतं. फळ्यावर नाव लागलं, फळ्यावर नाव लागलं, असं गल्लीबोळातून फिरलं. ज्यांनी फळा पाहिलाही नव्हता तेच जास्त ओरडत होते. इनासभाऊ सायकलवरून चालले की कुंपणाआडून हाक येई, “ओव्हरटाइऽऽम!” ते नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच. लग्नाच्या मांडवात, मासळीबाजारात, चर्चच्या पायऱ्यांवर... पाठीमागून कोणी ना कोणी म्हणणारच. नाताळच्या आत रिटाची शाळा बदलली. विरारच्या एका शाळेत तिला घातलं आणि काकाच्या घराची पायरी चढायची नाही, अशी ताकीद दिली. सरांनी ओरडणाऱ्या मुलांना बोलावून झापलं, पालकांना भेटले; उपयोग शून्य. एका रविवारी ते भावाकडे गेले. सोमवारी टेबलावर केळी नव्हती, बाटली नव्हती. मी विचारलं तर एवढंच म्हणाले, “दार लावून घेतलं त्याने.” मला वाटलं, रात्रीच्या मोटरीवरून भांडण झालं असेल. त्याहून जास्त विचारायचं धाडस मला झालं नाही, कारण तो बोलका माणूस ते सांगताना खिडकीबाहेर बघत होता. पुढच्या वर्षी ‘ओव्हर’चा आठवडा झाला, पण नियम बदलला होता. शब्द सांगायचा, कोण म्हणालं, ते सांगायचं नाही. चौकटीत शब्दांच्या समोरची जागा मोकळी राहू लागली. मुलांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मला त्या मोकळ्या जागेकडे बघवत नसे.

मोटर रात्रीची चालूच राहिली. खरं सांगायचं तर पूर्वी चोरून चालायची, ती आता उघड चालू लागली, जणू नाव पडलंच आहे तर होऊन जाऊ दे. बावीचं पाणी आधी बेचव झालं, मग मचूळ, आणि नवं शतक उजाडलं त्या सुमाराला खारट. सरांच्या पानवेली गेल्या, मग केळी गेली. नारळ उभे होते, पण धरत नव्हते. टँकरवाले दुसरी विहीर शोधत पुढे गेले आणि माझ्या इमारतीला नळाचं पाणी आलं. आम्ही नारळ फोडून पेढे वाटले! मी ते पेढे स्टाफरूममध्ये नेले नाहीत. इनासभाऊंची मोटर बावीच्या काठावर गंजत पडली. सर तरीही दर रविवारी वाडीत जात राहिले. तिथे काय करता, असं विचारलं तर म्हणत, “बसतो. तो पलीकडे बसलेला असतो, मी अलीकडे.” दोघं भाऊ, मध्ये एक खारी बाव, आणि बोलणं नाही. हे मला त्या वेळी हट्टीपणाचं वाटे आणि मी सरांना तसं तोंडावर बोललेही. ते म्हणाले, “बाई, मी बोलायला तयार आहे. त्याने एकदा हाक मारली की झालं. दुसरं काही नको मला.” एवढंच त्यांना हवं होतं. निवृत्तीच्या समारंभातसुद्धा भाषणं चालू असताना ते सारखे दाराकडे बघत होते, आणि त्यांची पत्नी सिसिलबाई त्यांच्या हातावर हात ठेवून बसल्या होत्या.

सरांना साखर बरीच वर्षं होती. निवृत्तीनंतर ती किडन्यांपर्यंत गेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं आणि त्याबरोबर पाण्यावर बंदी आली. दिवसभरात मोजून स्टीलचा एक छोटा पेला. औषधं त्यातच, चहाही त्यातच. रिटा तेव्हा नर्सिंग पुरं करून वसईतच नोकरीला लागली होती. काकाच्या आजाराचं कळलं तशी ती बापाची ताकीद झुगारून घरी येऊ लागली. पेल्यावर खूण तिनेच केली होती. तहान काय असते हे मी त्या घरात पाहिलं. सर तोंडात पाणी घेत, गालात फिरवत आणि बेसिनमध्ये थुंकत. थुंकताना त्यांच्या डोळ्यांत जे यायचं ते बघवायचं नाही. ओठ फुटलेले, जीभ जाड झालेली, आणि बोलण्याचा सोस मात्र तोच. पाय सुजून खांबासारखे झाले तेव्हा त्यांना हॉस्पिटलात हलवलं. मी भेटायला गेले तर ऑक्सिजनची नळी बाजूला सारून म्हणाले, “बाई, नवीन शब्द मिळाला. फ्लुइड ओव्हरलोड. छातीत पाणी भरलंय म्हणे. आत पाणी जास्त आणि बाहेर मी तहानेने मरतोय. चौकटीत बसतो की नाही?” मी विचारलं, “कोण म्हणालं?” तसे ते हसले. “डॉक्टर. पण तो नियम मी काढून टाकला होता ना...” आणि मग त्यांनी डोळे मिटून घेतले. रोज स्वप्नात बाव येते, असं त्यांनी त्या दिवशी सांगितलं. पायऱ्या उतरून खाली जातो, ओंजळ बुडवतो आणि जाग येते.

पुढच्या खेपेला मी गेले ती दुपार होती. रिटा ऑक्सिजनची नळी नीट करत होती. दार ढकलून एक म्हातारा आत आला आणि उंबऱ्याशीच थांबला. हातात प्लास्टिकची बाटली. मी इनासभाऊंना एवढ्या जवळून प्रथमच पाहिलं. तीच उंची, तेच नाक. पलंगाकडे बघत ते म्हणाले, “पास्कू.” ज्या हाकेसाठी सर एवढी वर्षं थांबले होते ती ही. मग त्यांनी बाटली पुढे केली. “आपल्या बावीचं पाणी आणलंय. आता परत गोड झाली बाव. रात्री मोटर नाय लावत मी.” सरांनी रिटाकडे बघितलं. रिटाने बापाकडे बघितलं, आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मी पेल्याच्या तळाला थोडं पाणी ओतलं. सरांनी ते तोंडात घेतलं, या वेळी थुंकलं नाही. कितीतरी वेळ तसंच धरून ठेवलं आणि मग हळूच गिळलं. “गोड आहे,” म्हणाले. “बरं केलंस, तिला झोपू दिलंस ते.” इनासभाऊंनी मान हलवली, पलंगाच्या दांडीला हात लावला आणि आले तसे निघून गेले. सारा प्रकार एवढाच. सर माझ्याकडे वळले. “प्या तुम्हीही.” मी एक घोट घेतला. छान गोड पाणी होतं. “कळलं का?” त्यांनी विचारलं. कळलं होतं. शेवटी लोखंडाची चव नव्हती. “नंदाखालच्या कोणाच्या तरी बावीचं आहे,” सर म्हणाले. “आपली कसली गोड होते आता... पण आणलं ना त्याने.” मग ते रडले. मी त्यांना रडताना पाहिलं ते त्याच दिवशी, आणि त्यानंतर चार-पाच दिवसांत रिटाचा फोन आला.

सर गेले त्याला महिना झाला तेव्हा त्यांच्यासाठी मिस्सा होती. ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ चालू होता, वेदीवर फुलं नव्हती, गर्दी मात्र दारापर्यंत होती. सरांचे कितीतरी विद्यार्थी, आता स्वतःच मुलांचे बाप झालेले. मिस्सा संपल्यावर इनासभाऊ माझ्याकडे आले. रिटा मागे उभी होती. माझ्याशी बोलताना ते जपून, शाळेतल्यासारखं मराठी बोलत होते. “बाई, तो फळा दाखवता का मला? रिटा सांगते, अजून आहे.” रविवारच्या धर्मशिक्षणासाठी वर्ग उघडे होते. आम्ही मैदान ओलांडून चाललो. वाटेत ते म्हणाले, “त्याला समजलं असेल ना, पाणी कुठलं ते?”

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. “समजलं होतं,” मी म्हणाले.

“तरी गोड म्हणाला?”

“हो.”

वर्गात आल्यावर ते चौकटीसमोर उभे राहिले आणि त्यांचा आवाज एकदम चढला. मला वाटतं, तो आवाज त्यांनी एवढी वर्षं गळ्यातच दाबून ठेवला होता. “इथंच लिवलं ना त्यानं माझं नाव? सगळ्या गावाच्या पोरांसमोर? मोटर मी चालवली, मी नाय म्हणत नाय. माझं चुकलं. पण भाऊ म्हणून गुपचूप येऊन बोलायचं. फळ्यावर टांगायचं मला? तो आला होता घरी, मी त्याला बोलूच दिलं नाय...”

मी रिटाकडे बघितलं. ती पांढरी पडली होती. “मी वर बघितलंच नव्हतं, बाई,” ती म्हणाली. “मलाही तेच वाटायचं. मुलं तेच ओरडायची.” तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की जे मला इतकं लख्ख आठवत होतं, ते ज्यांना ठाऊक असायला हवं होतं त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं, आणि ज्याने लिहिलं त्याने ते स्वतःच्या बचावासाठी कधी सांगितलं नव्हतं. मी चौकटीच्या तळाला बोट ठेवलं. “इथे लिहिलं होतं. शब्द लिहिला होता. तुमचं नाव नव्हतं, इनासभाऊ. नावाच्या जागी ‘आमच्या घरी’ असं लिहिलं होतं त्यांनी. त्यानंतरचा तास माझा होता. मी स्वतः वाचलंय.”

“आमच्या घरी?”

“हो.”

“पण घर तर आमचं कधीच वेगळं झालेलं,” ते म्हणाले. मी सांगितलेलं अजून त्यांच्यात पुरतं उतरलं नव्हतं. ते फळ्यावरच्या त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवत राहिले, जणू काही अक्षर सापडेलच. रिटाने त्यांच्या खांद्याला हात लावला तसे ते वळले आणि मला म्हणाले, “मग एवढी वर्षं मी बोलत नव्हतो, तो कोणाशी?”

रिटा त्यांना हाताला धरून बाहेर घेऊन गेली आणि ते मैदानातून जाताना मी खिडकीतून बघत राहिले. सोमवारी आठवीवर पहिला तास माझाच होता. आल्या आल्या मी फळा पुसला, कोपरा सोडून. सर निवृत्त झाल्यापासून त्या चौकटीत कोणी काही लिहिलेलं नाही. पुसण्यासारखं तिथे काहीच नाही. तरी डस्टर तिथवर जातो आणि हात थांबतो.